तुम्ही वर काढलेले तीन डोंगे

बाबा, तुम्हाला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि तुम्ही होतात तेव्हा लिहायचं कारणच नव्हतं. एका छपराखाली राहणारी दोन माणसं एकमेकांना पत्र कशाला लिहितील? बोलली असती तरी पुरे होतं. पण आई गेल्यावर आपण बोलायचंच सोडून दिलं. पाणी भरलं का, भाकर घे, कवाड लाव, झोप आता. दिवसभरात मोजून एवढंच. आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा झालोय, घरात एकटा आहे, आणि कवाड लाव म्हणायलाही कोणी नाही. म्हणून लिहायला बसलो.

तुम्ही गाड्यांचे सुतार. केनवडच्या बाजारात तुमचं चाक ओळखायला नाव विचारावं लागत नव्हतं. तुम्ही सांधा बसवलात की त्यात सुई जायची नाही, आणि हे तुम्ही स्वतःच दहा वेळा सांगायचात. मी तुमच्या हाताखाली दहा वर्षं काढली. त्या दहा वर्षांत तुम्ही माझ्या कामाला एकदाही बरं म्हणाला नाहीत. मी केलेला चाकाचा आरा तुम्ही हातात घ्यायचात, एक डोळा मिटून बघायचात आणि काही न बोलता पुन्हा तासायला लागायचात. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. ते तुमचं गप्प तासणं मला सोसवत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी ज्या तलावाची माती वाहिली, तो दोन-तीन पावसाळ्यांनी भरला. कोणी त्यात मासळीचं बी सोडलं, आणि आसपासचे भोई ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकू लागले. बाभळीचा एक काटा लागला की ट्यूब फुस्स, आणि माणूस गळ्यापर्यंत पाण्यात. तिकडे पैनगंगेवर पूल झाला होता, एसटी थेट पलीकडे जाऊ लागली होती, आणि माणसं उतरवणारे डोंगे काठावर उन्हात तडकत पडले होते. डोंगा म्हणजे फळ्यांची लहानशी नाव, एक वल्हवणारा आणि फार तर दोघं बसणारे. नदीवरचा मोडका डोंगा स्वस्तात घ्यायचा, नीट करायचा आणि तलावावर विकायचा, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली. मला ती फार मोठी वाटली होती.

तुम्ही चुलीपुढे बसला आहात, कळण्याची भाकर थापताय. मी सांगून टाकतो. तुमचे हात थांबत नाहीत.

"काहून? गाड्या बंद पडल्या काय?"

"बंद नाई पडल्या. पण हे माह्यं एकट्याचं काम राहीन."

"आपलं लाकूड रस्त्यावर चालते. पाण्यात गेलेलं लाकूड सडते. तुले पोहता तरी येते काय?"

"तुमाले येते?"

"म्हणून तं मी नावा करत नाई," तुम्ही म्हणालात आणि भाकर माझ्या ताटात टाकलीत. वर म्हणालात, "दुसऱ्यानं टाकून देल्लं ते उचलून आनाचं, अन् त्याले धंदा म्हनाचं."

ते वाक्य मला लागलं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. तुम्ही एकदा तलावाच्या काठी यावं, मी नीट केलेला डोंगा पाण्यावर बघावा आणि "जमलं" म्हणावं. गिऱ्हाइकं, नफा, सगळं त्याच्या मागून आलं.

पहिला डोंगा मी बैलगाडीवर घालून आणला. खिळे, राळ आणि डांबर शिरपूरच्या दुकानातून घेतलं. तिथले जैन शेठ डबा पुढे सरकवत म्हणाले, "काय मिस्त्री, आता गाडीले डांबर फासून राह्यले काय?" मी हसलो, सांगितलं नाही, ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड तुम्हाला ठाऊकच आहे. घरामागे पंधरा दिवस काम केलं. सडकी फळी काढली, नवी सागाची घातली, आणि तुमचाच मुलगा असल्यामुळे प्रत्येक सांधा असा बसवला की सुई जाणार नाही. तलावावर वीस-पंचवीस माणसं जमली. डोंगा पाण्यात लोटला, तरंगला, मी छाती फुगवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बुडाची फळी फुगून वर आली होती, खिळे उपसले होते आणि आत गुडघाभर पाणी होतं. भोयांनी ट्यूबवर बसून पोट धरधरून हसून घेतलं.

अडला हरी, दुसरं काय. ज्याच्याकडून डोंगा घेतला त्या म्हाताऱ्या नावाड्याकडे परत गेलो. तो विडी ओढत म्हणाला, "तू गाडीचा सुतार हायेस बावा. लाकूड पानी पेते. प्यालं का फुगते. त्याले फुगाले जागा नाई ठेवली तं ते कोठी जाईन?" त्यानं शिकवलं ते असं: फळ्यांमध्ये थोडी फट सोडायची, तिच्यात तेल-राळेत भिजवलेला सुताचा पिळा ठोकायचा, आणि मग डोंग्यात दगड भरून तो मुद्दाम उथळ पाण्यात बुडवून ठेवायचा. आठ-दहा दिवसांत लाकूड पाणी पिऊन आपलं आपण आवळून येतं. त्यानंतर वर काढायचा, तेव्हा तो विकण्याजोगा होतो. तुमच्या शिकवणीच्या नेमकं उलट होतं हे. घरी येऊन मी तुम्हाला त्यातलं काहीच सांगितलं नाही. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला पटवलं. तुम्ही विचारलं नाहीत.

मग धंदा चालला. डोंगा घ्यायला गेलो की बोटाच्या पेरानं फळी वाजवून बघायची आणि आरीचं टोक खुपसून सड शोधायची, हे अंगवळणी पडलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "जुनाच तं हाये," आणि मी म्हणायचो, "जुना हाये म्हणून तं बुडत नाई. नव्याचं मले काय मालूम?" तलावाच्या कडेला, पळसाच्या झाडाखाली, मला छपरी बांधून मिळाली. दिवसभर तिथे मी आणि पाणी. संध्याकाळी घरी यायचो तर तुम्ही जेवून भिंतीकडे तोंड करून पडलेले. माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं.

त्या वैशाखात मी नदीवर गेलो होतो, दोन डोंगे घ्यायला. गाडी मोडली आणि दोन दिवसांचे पाच झाले. जाताना तीन डोंगे पाण्यात दगड भरून ठेवले होते. परतलो तर तलावावर गर्दी. तिन्ही डोंगे काठावर पालथे, उन्हात ठणठणीत वाळलेले, आणि त्यांच्यामध्ये तुम्ही. अंगभर भुसा, डोक्याला पंचा, हातात लाकूड तासायची वाकस. तुम्ही तलावावर आला होतात. तुम्ही हसत होतात, बाबा. आई गेल्यानंतर मी तुमचे दात पहिल्यांदा पाहिले.

"तुहे डोंगे बुडून राह्यले होते," तुम्ही म्हणालात. "कोनाले फिकीर नाई. म्या बैल लावून वर काढले. अन् हे काय, फटीइत सूत कोंबून ठेवलं होतं कोनं तरी. सगळं उपसून फेकलं. सागाच्या पट्ट्या बसवल्या, सरस लावून. पाह्य, आता सुई घालून दाखव."

मी हात फिरवला. सुई काय, केसही गेला नसता. चार दिवस तुम्ही त्या उन्हात, पोहता न येणारा माणूस, कमरेएवढ्या पाण्यात उतरून दगड उपसत होतात. हे सगळं मला तिथेच, त्या क्षणी कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणून मला सुटता येणार नाही. पण मागे एक भोई फिसकन हसला, आणि माझं डोकं फिरलं.

"तुमाले कोनं सांगतलं होतं हात लावाले? ते बुडाले नव्हते, म्या बुडवले होते! पाण्यात टाकल्याबरोबर फुटतीन आता. सारं वाटोळं केलं!"

तुम्ही वाकस खाली ठेवलीत. पंचा सोडून तोंड पुसलंत. एवढ्या लोकांतून एकटेच पायवाटेनं घराकडे गेलात, आणि मी तुम्हाला जाऊ दिलं. संध्याकाळी माझं ताट झाकलेलं होतं, पण तुम्ही जागे होतात. भिंतीकडे तोंड करूनच विचारलंत, "तिन्ही गेले काय?"

"गेले," मी म्हणालो.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं जगलात. तलावाकडे पुन्हा फिरकला नाहीत. तिकडचं कोणी घरी आलं की उठून मागच्या अंगणात जायचात. आणि माझ्या हत्याराला, जे खरं तर तुमचंच होतं, हात लावायच्या आधी विचारायचात. "ही वाकस घेऊ काय?" ज्या माणसाच्या हातून मी वाकस धरायला शिकलो, तो मला विचारत होता. मी न बघता मान हलवायचो. शेवटी वाशीमच्या दवाखान्यात तुमचा उजवा हात माझ्या हातात होता आणि तुम्हाला बोलता येत नव्हतं. मला येत होतं. मी डॉक्टरांशी बोललो, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोललो, चहावाल्याशी बोललो.

पुढे माझं लग्न झालं, पत्र्याच्या नावा आल्या, मग धंदा संपला, लेकरं शिकून अकोल्याला गेली, बायको गेली. एकटा बसलो की मला त्यांच्याआधी तुम्ही आठवता, आणि तुमचं ते दात दाखवून हसणं. पाकीट मी आणलेलं नाही. पत्ता काय घालणार? हे कागद घडी करून इथेच कुठेतरी राहतील.

एकही डोंगा गेला नव्हता, बाबा. दुसऱ्या दिवशी मी पटाशी घेऊन तुमच्या पट्ट्या काढल्या, सूत भरलं, पुन्हा बुडवले. दोन दिवसांचं काम. पट्ट्या निघता निघत नव्हत्या, इतक्या चोख बसल्या होत्या. महिन्याभरात तिन्ही विकले गेले. तुम्हाला सांगायला मला तीन वर्षं होती. पण तुम्ही वाकस मागायला माझ्यापुढे उभे राहायचात ना, सुरुवातीचे बरेच दिवस मला ते बरं वाटायचं.