खडा = खडा + १

७ ऑगस्ट
एफ.वाय.ची नवी बॅच. फळ्यावर x = x + 1 लिहिलं. मग मोहोळचा सागर उठला. "मॅडम, दोन्हीकडचा x उडवला तर शून्य बरोबर एक येतंय की." दरवर्षी कुणीतरी हे म्हणतंच. मीही दरवर्षीसारखं "गणित वेगळं, प्रोग्रॅमिंग वेगळं" म्हणून पुढे गेले. कुणाला कळलं नाही. मला ते नीट सांगता येत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

१२ ऑगस्ट
जर्नल्स तपासली. मोजणीचा प्रोग्रॅम सगळ्यांचा एकसारखा. त्यात नवल ते काय, सिनियरचं जर्नल उतरवणं ही आमच्या कॉलेजची कुलपरंपरा. पण व्हेरिएबलचं नावही एकच, इंग्रजी अक्षरांत 'खडा'. सही करता करता हात थांबला.
सागरला विचारलं, खडा म्हणजे काय रे?
"काय म्हाईत मॅडम. सिनियरच्यात हुतं, तसंच मारलं."
मला माहीत आहे. कोमल.

१३ ऑगस्ट
लिहूनच टाकते. चार वर्षांपूर्वीची तोंडी परीक्षा. कोमल माळशिरसकडची, घरी मेंढरं. बाकी विषयांत जेमतेम. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, x = x + 1 म्हणजे काय?
"आमचा आज्जा सांजच्याला मेंढरं आत घेताना एकेकामागं एक खडा पिशवीत टाकायचा. हायेत तेवढं खडं, त्यात आनि एक. पिशवी तीच, खडं वाढलं."
सर हसले. त्यांच्यापेक्षा मी मोठ्याने हसले. वर मीच म्हणाले, "मेंढरं घरी ठेवून यायचं."
पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. तिचा 'खडा'वाला प्रोग्रॅम चालत होता, तरी शेरा मी लिहिला: उतरवलेला, समज नाही. नापास. नंतर ती कॉलेजात आलीच नाही.
उतरवलेला म्हणे. आता अख्खं कॉलेज तिचाच उतरवतंय.

१६ ऑगस्ट
लॅब. सगळ्या स्क्रीनवर खडा. कोमल खिडकीजवळ बसायची, एका बोटाने टाइप करायची. टक्, थांबा, टक्. आज पाठमोरी असताना नेमका तोच आवाज, तिथूनच. वळून बघायला धीर होईना. बघितलं तर सागर. प्रॅक्टिकल दहा मिनिटं आधीच सोडलं. डोकं दुखतंय असं सांगितलं.

१८ ऑगस्ट
बांधकामावरची मूठभर खडी आणि भाजीची पिशवी घेऊन वर्गात. एक टाकला, विचारलं किती. आणखी एक. पाचव्या खड्याला मागचा बाकसुद्धा बोलायला लागला. इतक्या वर्षांत असा तास झाला नव्हता.
सागर म्हणाला, "लई सोपं हाय की. हे तुमी शोधलं मॅडम?"
हो म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.
आधी तिला नापास केलं, आता तिचं होतं तेही गिळलं. स्वतःची किळस आली.

१९ ऑगस्ट
वर्गात सगळं सांगितलं, हसले होते तेही. फळ्यावर तिचं नाव लिहिलं. सागरचा एकच प्रश्न, "मग त्यांचा निकाल बदलला का?"
ऑफिसातून तिचा जुना प्रवेश अर्ज काढला, नंबर लावला. वडिलांनी उचलला. "कोमल रानात हाय. कोन बोलतंय?" नाव सांगितलं. मागे मेंढरांचा आवाज.
"उद्या सांजच्याला करा. इचारतो तिला, बोलायचं हाय का."

२० ऑगस्ट
ती बोलली. मी पाठ केलेलं सगळं म्हणून टाकलं. माझं चुकलं. फॉर्म मी भरते. परीक्षा पुन्हा देता येईल, विद्यापीठात मी स्वतः जाईन. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरांना कळलं का, मॅडम?"
कळलं म्हणाले.
"बरं झालं. फॉर्मचं ऱ्हाऊ द्या. एक इचारू? माझं बराबर हाय, हे तुमाला तवाच कळलं हुतं का?"
रेंज चांगली होती. तिकडे मेंढरं आत घेत असावेत, कुणीतरी मोजत होतं. ती फोन धरून थांबली होती.
"हो," मी म्हणाले, "तेव्हाच कळलं होतं."