मिरचीची भाजी आणि कोरडी घागर

आबा, यंदा आखाजीला मी तुमची ती मिरचीची भाजी केली. भूतानहून शेवटच्या सुटीवर आलात तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता, अगदी तशीच. भरताच्या पोपटी मिरच्या उभ्या चिरल्या, त्यात कांदा, टोमॅटो, लसूण, लोण्याचा गोळा आणि बेताचं पाणी. मिरच्या मऊ पडल्या की चीज घालून झाकण. तिकडचं चीज जळगावात कुठलं मिळायला, डेअरीतल्या वड्यांवर भागवते. ढवळायचं नाही, असं तुम्ही मला बजावत होतात आणि माय दारात उभी होती.

"फोडणी नही, मसाला नही, याले भाजी म्हंतस?"

"तठे मिरचीच भाजी शे. बठ्ठा हाईच खातस," तुम्ही शांतपणे म्हणालात. मांसाला न शिवणारा माणूस बोगद्याच्या कामावर दुसरं काय खाणार? मायला पहिल्याच घासाला ठसका लागला. डोळे पुसत ती म्हणाली, "मारनार शेतस तुम्ही." आणि भाकरी संपेपर्यंत ताटावरून उठली नाही.

तुम्ही परत गेलात आणि त्याच पावसाळ्यात बोगद्याच्या तोंडाशी दरड कोसळली. अग्नी तिकडेच दिला. घरी आली ती तुमची कपड्यांची बॅग. मायने कपडे धुतले, घड्या घालून कपाटात ठेवले. रडली नाही. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची, निखाऱ्यावर घास ठेवून आगारी टाकायची. आजा-आजीची घागर माय दरवर्षी भरायची, तुमची कधीच नाही. "मी काही देखं नही. मी घागर भरनार नही." मी तरी दरवर्षी कुंभाराकडून एक घागर जास्तीची आणायचे. ती कोरडीच राहायची आणि पुढे कुणाला तरी देऊन टाकायचे. किती वाद घातले मी तिच्याशी! एकदा तर ओरडले, "माय, किती वर्षं स्वतःला फसवशील?" तिने निवडायला घेतलेली मेथी तेवढी पुढे ओढली.

आता तिला घास उतरत नाही. डॉक्टर मला बाहेर बोलावून बोलतात. मला एकच धास्ती होती, ही अशीच दाराकडे बघत जाईल. म्हणून यंदा ठरवलं, तुमची आगारी पुरणपोळीची नाही, मिरचीची. गॅलरीत घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, मायला धरून आणून पाटावर बसवलं आणि भाजीचा घास निखाऱ्यावर ठेवला. मिरची निखाऱ्यावर पडली की काय होतं, हे घरोघरी दृष्ट काढणाऱ्या आपल्या लोकांना कुणी सांगायला हवं का? पण माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. धुराचा असा खाट उठला की वरच्या मजल्यावरून शेजारीण ओरडली, "अहो ताई, काय जाळताय?" मी खोकता खोकता हसत होते. मायचा ठसका मात्र थांबेना. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खोकला शमल्यावरही डोळ्यांतलं थांबलं नाही.

"पानी दे," ती म्हणाली.

मी तांब्या दिला. ती प्यायली नाही. बाजूची कोरडी घागर तिने पुढे ओढली, सगळं पाणी तिच्यात ओतलं आणि रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला. "आखो दे." मी आणत गेले, ती ओतत गेली. घागर गळ्यापर्यंत भरली तेव्हा तिने तुमचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत मी ते तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

हे पत्र कुठे टाकायचं, आबा? तुमच्या कपड्यांच्या घडीत ठेवीन. फक्त एक सांगते. हेच व्हावं म्हणून मी इतकी वर्षं भांडले, पण ती पाणी ओतत होती तेव्हा तिचा हात धरून तिला थांबवावं असं मला वाटलं. ती तुमची वाट बघत होती, तोवर मला बघावी लागत नव्हती.