भिंतीवरचं हसू

ता. १२ मार्च

मुली,

आशीर्वाद. मी बरी आहे, तूही असशीलच. पत्र कुणाचं ते बघून लगेच फाडू नकोस, आधी वाच. मला लिहायची सवय नाही, हात दुखतो.

मी अजून समुद्रावरच्या पाळण्यांच्या मैदानात झाडू मारते. मोठा पाळणा गंजून बंद पडलाय. टक्करगाड्या चालतात. त्यांच्या मागच्या भिंतीवर त्या रंगवाल्याने काढलेली तुमची टोळी तशीच आहे. तू गाडीत बसलीयेस, केस तोंडावर. शेजारी आमचा बारक्या, हसणारा. चित्र झालं त्या दिवशी मला म्हणाला, "आई, आता कामावरही माझंच तोंड बघ." मी म्हटलं, "घरी बघते तेवढं पुरे." महिन्याभरात मोटारसायकल घसरली. पुढचं तुला माहीत आहे.

वारा खारा. भिंतीवर पांढरी पुटं चढतात. म्हणून मी रोज सकाळी स्टुलावर चढून गोड्या पाण्याने त्याचं तोंड पुसायचे. फक्त त्याचं. तुझं नाही पुसलं, खोटं कशाला बोलू? पुसताना डोळे मिटून घ्यायचे. उघडे ठेवून जमायचं नाही.

परवा रंगवाला आला. म्हणाला, "मावशी, हे कुणी घासलं?"

"घासलं कुठे? पुसलं. खारं वारं रंग खातंय."

"मग शेजारची पोरगी कशी शाबूत राहिली?"

बघितलं तर तू नवीकोरी. आणि बारक्याचे डोळे तेवढे उरलेत, तिथवर माझा हात पोचत नव्हता. खाली नुसतं सिमेंट.

माणूस भला आहे. पुन्हा काढतो म्हणाला. पण पहिल्यांदा पोराला समोर उभं करून काढलेलं, त्याच्याकडे फोटो नाही. माझ्याकडचे सगळे तोंड मिटलेले. "हसायचा कसा, तेवढं सांगा," म्हणाला. मला कुठून ठाऊक? घरी तो हसायचा नाही. घरी मी असायचे.

तुला ठाऊक आहे. दात किती दिसायचे, ओठ कुठल्या बाजूला जायचा, सगळं. रविवारी सकाळी रंगवाला डबे घेऊन येतोय. ये आणि त्याला सांग. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, मी पलीकडे झाडत असेन. भिंतीला हात लावणार नाही.

बारक्याने तुला घरी आणलं त्या दिवशी दारात तू मला आई म्हणालीस, म्हणून मी दार लावलं होतं. आता दार उघडंच असतं. यायचं कुणी उरलं नाही.

तुझी,
म्हणशील तर आई