खुंटीवरच्या काठ्या

७ जुलै, सोमवार
सुमी सकाळच्या बसने कारवारला गेली. हॉस्पिटलची ड्यूटी, शनिवारी घरी. निघताना काठी ठेवायला विसरली, मीच ओरडलो. "अप्पा, बसनं जाते मी, बैलगाडीनं न्हाई!" पण ठेवली. हिरव्या नाडीची, तिसऱ्या खुंटीवर. घाट उतरणाऱ्याने आपल्या खानावळीत काठी ठेवून जायचं, परतताना न्यायची. काठी माणसाला ओढून आणते म्हणे. आजोबांच्या वेळी गाडीवान ठेवायचे. जे परतलेच नाहीत त्यांच्या सात काठ्या अजून पडवीत आहेत. अमावास्येला धुवायच्या, भात दाखवायचा. एरवी हात लावायचा नाही.

आता गिऱ्हाईकही कमीच. पावसात कोण मरायला येतंय घाटात.

९ जुलै, बुधवार
चुकलो. लिहूनच टाकतो.
सरपण सगळं ओलं. जीपमधून सहाजण उतरले, भिजलेले, चहा चहा करत. चूल नुसती धुमसत होती. चिडलो. हात वर गेला, सगळ्यात जुनी काठी काढली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. भक्कन पेटली. चहा फक्कड झाला. लोकांनी तारीफ केली, मीही खूश.

रुकमाक्का भाकऱ्या थापायला आली, तिने आल्या आल्या मोजल्या. "अण्णा, जुन्या सहाच हायत की."
खोटं बोलता येईना.
"ज्याची जाळली त्याची वाट पुसली न्हवं? आता त्यो मागायला येनार बघा."
मी हसलो. ती नाही हसली. तिच्यासमोर हसलो याची आता लाज वाटते.

१० जुलै, गुरुवार
भर दुपारी बारा. धुकं पार पडवीत शिरलेलं. मी आत आमटीला फोडणी देत होतो. बाहेरून आवाज, म्हाताऱ्या, दमलेल्या माणसाचा.
"माझी काठी?"
गेलो तर कोणी नाही. ओल्या घोंगडीचा वास मात्र होता. आमच्या घरात घोंगडी नाही.
रुकमाक्काने चुलीपुढून पडवीकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं.

११ जुलै, शुक्रवार
आजही. बाराला. तेच दोन शब्द.
मला माझी भीती नाही, साठी ओलांडली. पण उद्या सुमी घाट चढणार. रेंज मिळते त्या चढावर जाऊन फोन केला.
"या शनिवारी नको येऊस."
"का?"
"पाऊस लई हाय."
"जुलैत पाऊस न्हाई तर काय ऊन पडतंय व्हय? येते मी. सुकट भाजून ठेवा."
काठी जाळली हे सांगायला जीभ रेटेना. नर्स मुलगी, काय म्हणेल बापाला.
संध्याकाळी किंदळाची फांदी तोडली. तासली, तेल लावलं. चांगली झाली.

१२ जुलै, शनिवार
सकाळी नवी काठी रिकाम्या खुंटीवर लावली, पाया पडलो.
बाराला भाताची पेज गाळत होतो.
"माझी काठी?"
पातेलं हातात. न बघताच बोललो, "खुंटीला हाय. घेऊन जावा." एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच उत्तर दिलं. सुटलो असं वाटलं.

बाहेर आलो. नवी जागेवरच. तिसरी खुंटी रिकामी.

पडवी, न्हाणी, विहिरीचा काठ, सगळीकडे शोधली.

संध्याकाळी पाच. बस आली नाही. कंडक्टर चालत आला, कमरेपर्यंत चिखल. घाटात दरड पडलीय, तो दरडीवरून चढून आला. दरडीखाली कोणी नाही. बाकीचे प्रवासी खाली कद्र्याला परतले.
"आणि सुमी?"
"ती न्हाई गेली. पायवाटेनं वर जाते म्हणाली. एक म्हातारा भेटला, घोंगडीवाला. मला वाट ठावं हाय म्हणाला, गेली त्याच्यासंगं."
"त्याच्या हातात काय होतं?"
"काठी. हिरव्या नाडीची. तुमचाच मानूस न्हवं त्यो?"
किती वाजता म्हणालो. दोनला म्हणाला. ती वाट दीड तासाची.

फोन लागत नाही. खरं सांगितलं असतं तर आली नसती पोर. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.
रुकमाक्का म्हणते, "वाट दावायला आला आसंल अण्णा, त्यो तरी आपल्याच घरचं जेवलेला." म्हणते, पण माझ्याकडे बघत नाही.

सहा वाजले. उजेड अजून आहे. कंडक्टर येतो म्हणाला बरोबर. माझी काठी तिसऱ्या खुंटीवर लावली. नवी हातात घेतलीय. त्याची त्याला देईन, सुमीची मागून घेईन. रुकमाक्काला सांगितलंय, चूल विझू द्यायची नाही, पोर भिजून येईल. सरपण कमी पडलं तर बाकं फोडा. काठ्यांना हात लावू नका.