कुंकवाखालचं कलम

दाना ओली, लश्कर, ग्वाल्हेर

तीर्थरूप तात्यासाहेब दादांच्या चरणी धाकट्या चुलतभावाचा, भालचंद्राचा, गुडघे वाकतील तेवढा साष्टांग नमस्कार. इंदुरास आपली प्रकृती कशी आहे? वहिनींची कंबर? इकडे मी ठीक. फक्त सकाळपासून घास उतरत नाही. कारण लिहितो.

आपल्या आजोबांनी काढलेल्या वाचनालयाचा मी बावीस वर्षं कार्यवाह आहे (निवडणूक घेऊन उगाच कशाला मनं दुखवा). आमचे अध्यक्ष जयसिंहराव. कुणी नवा पंखा मागो की नवं मासिक, ते डोळे मिटून सांगतात, घटनेत बसत नाही. संस्थेची ही घटना त्यांनी जन्मात वाचलेली नाही, पण आवाज असा की समोरचा पंख्याशिवायच गार होतो. आमचं असं सुरळीत चाललं होतं. त्यात श्रुती सभासद झाली. खासगी बाजारातल्या शरयूताईंची नात, वकिली शिकते, वाक्य मराठीत उचलते आणि हिंदीत ठेवते. आल्या दिवशीच म्हणाली, "काका, मागचा अहवाल कुठे आहे, और आपको चुना किसने?" मी म्हटलं, सगळं घटनेप्रमाणे आहे. मग ती घटना दाखवा म्हणाली.

इथे फसलो. दादा, आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. दसऱ्याला सरदारांच्या घरी तलवारी पुजतात. आपण पडलो लेखणीवाले, म्हणून आजोबांच्या हातची घटनाच पाटावर मांडतो. गंध, अक्षता, कुंकू, वर आपट्याचं पान. पुजायच्या वस्तूला वाचत कोण बसतं? श्रुतीने पान उघडलं, तर कलम सातवर कुंकवाचा हा थर! 'कार्यवाहाची मुदत' एवढं दिसतं, पुढे सगळं लालेलाल. ती नखाने खरवडू लागली, तेव्हा मी धर्म बुडाल्याची हाकाटी केली आणि सभासद माझ्या बाजूने उभे राहिले (निम्मे झोपेतून उठून). रविवारी सभा बोलावली आहे. सत्याचा जय होईलच.

आपला आज्ञाधारक,
भालचंद्र

ता. क. खरं काम राहिलंच. घटनेची दुसरी प्रत तुमच्या वडिलांबरोबर इंदुरास गेली, ती तुमच्या कपाटात आहे. श्रुतीने विचारलं तर वाळवीने खाल्ली म्हणून कळवा. खोटं बोलवत नसेल तर आधी वाळवी लागू द्या. तुमच्यापासून काय लपवू? कुंकू मीच लावतो. पहिली दोन वर्षं कुठेही लावलं, तिसऱ्यापासून नेमकं तिथेच. रोज पाच वाजता किल्ली घेऊन घराबाहेर पडणं, एवढंच माझं उरलं आहे, दादा. तेही गेलं तर मी जाऊ कुठे?

ता. ता. क. पाकीट चिकटवणार तोच श्रुती फोन घेऊन आली. तिने विचारताच तुमच्या सूनबाई सोनल यांनी दुसऱ्या प्रतीचे फोटो तिला कालच धाडले (वाळवीचा मागमूस नाही). कलम सात: कार्यवाहाची मुदत दोन वर्षं. कलम आठ: तो जागा सोडत नसेल, तर संस्थापकाच्या घराण्यातल्या वडील पुरुषाने त्याला दरवर्षी जाब विचारावा, न विचारल्यास स्वतः सभेत उभं राहून जाब द्यावा. म्हणजे तुम्ही. एकूण वीस वर्षांचा. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचेल अशा गाडीने या. स्टेशनवर घ्यायला मी येतो. किल्ली आजच श्रुतीला दिली.