शकुबाईंच्या नवऱ्याचे केस

२ मार्च २००४
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे.

कारंज्यात डिजिटल स्टुडिओ एकच, माझा. फोटोशॉपचा कोर्स वर्ध्याला केला. तो मी अर्ध्यातच सोडला, कारण शिकवणाऱ्याकडे शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझा हातखंडा म्हणजे फोटोतले केस काळे करणे. दारावर नमुना म्हणून माझाच फोटो लावला. बायको कोकिळा म्हणाली, हा कोण? कलेतलं तिला ओ की ठो कळत नाही. माझे केस मुळात काळेच आहेत. इकडच्या उन्हाने वरून थोडे भुरे झालेत, इतकंच. कंप्युटरने फक्त ऊन काढलं.

४ मार्च
'केस काळे करून मिळतील' ही पाटी वाचून चिंधूजी खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि खुर्चीत मान मागे टाकून बसले. फोटोतले केस, असं सांगितलं. म्हणे, मंग घरी बायकोले काय फोटोच दाखवू? असल्या गावात मी राहतो.

७ मार्च
शकुबाई आल्या, संत्र्याच्या बगीच्यावाल्या. मुलाचं, हेमराजचं, पुढच्या महिन्यात लग्न. नवरा तानबाजी ऐन तिशीत गेला, त्याचा एकच फोटो. तो मोठा करून मांडवात शकुबाईंच्या शेजारी, जोडीने ठेवायचा आहे. म्हणे, गजूभाऊ, यायचे केस पांढरे करून देजो. मी अशी म्हातारी, हे असे जवान. लोक म्हणतीन, मोठा पोरगाच बसवला बाजूले.

फोटो जमला तर लग्नाची अख्खी ऑर्डर माझी, व्हिडिओसकट. हे बरं झालं. या सीझनला अजून एकही लग्न हाती नाही. लोक वर्ध्याहून कुणा रुचिकाला बोलावतात. पोरगी बरी दिसते म्हणून बोलावत असतील, फोटो काय काढणार ती.

काळ्याचं पांढरं करायला काय लागतं? तेच बटण उलटं फिरवायचं. उद्या संपवतो.

११ मार्च
तानबाजी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसतात. दोष मॉनिटरचा.

१२ मार्च
लोडशेडिंग. नाहीतर आज झालंच असतं.

१५ मार्च
विचार केला. खोटा पांढरा रंग नको, खऱ्या पांढऱ्या केसांचा तुकडा कापून चिकटवायचा. नमुना शोधतो आहे. कोकिळा म्हणाली, शोधता काय, तुमचेच घ्या ना. तिच्याशी बोलणं बंद.

१८ मार्च
माझा, ऊन काढण्याआधीचा फोटो वापरला. केवळ टेक्निकल कारणासाठी. भुरे केस स्क्रीनवर पांढरे दिसतात, ही कॅमेऱ्याची खोड. तानबाजींच्या डोक्यावर फिट्ट बसले. वर कपाळाला आठ्या, गालाला सुरकुत्या, भुवयाही पिकवल्या. मास्टरपीस! नागपूरच्या स्पर्धेला पाठवावा म्हणतो. कोकिळाशी बोलणं सुरू केलं, दाखवायला कुणीतरी हवं होतं.

संकल्प: लग्नाची ऑर्डर मिळाली तरी साधंच वागायचं.

२० मार्च
शकुबाई आणि हेमराज आले. वरचा कागद काढून फोटो समोर धरला. शकुबाईंनी पाहिलं, चटकन पदर कपाळापर्यंत ओढला आणि खुर्चीतून उठून भिंतीला लागून खाली मान घालून उभ्या राहिल्या. मला वाटलं, गहिवरल्या. मी दाद मिळायची वाट पाहत थांबलो.

हेमराजने विचारलं, काऊन वं माय? त्या हळूच म्हणाल्या, मामाजी.

म्हणजे सासरे. घरात त्यांची काठी वाजली की सुना आतल्या खोलीत. शकुबाई जन्मात कधी त्यांच्यासमोर बसल्या नाहीत. आता तानबाजी म्हातारे केल्यावर हुबेहूब बापासारखे निघाले, यात माझी काय चूक? उलट हे अचूकपणाचं लक्षण आहे.

मग त्यांनी पदराआडून पुन्हा पाहिलं. म्हणे, तोंड मामाजीचं हाय, पण केस तं गजूभाऊचे दिसून राह्यले. हेमराज फिसकन हसला. मी म्हणालो, दुकानात उजेड कमी आहे.

शकुबाईंना रडू आलं. म्हणे, इतक्या वर्षांनं यायचं तोंड मोठं करून पाहाले आलती, अन् तू मामाजीले आणून बसवलं. मूळ फोटो छातीशी धरून गेल्या. मला वाईट वाटलं. ऑर्डरचा विषय निघालाच नाही, त्याचंही वाटलं.

२५ मार्च
एक जबरदस्त कल्पना! नवऱ्याचे पांढरे करण्यापेक्षा शकुबाईंचाही फोटो ठेवून त्यांचेच काळे करावेत. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. दोघं जोडीने जवान! निरोप धाडला.

२६ मार्च
शकुबाईंचा उलट निरोप. हे केस त्यायच्या माघारी पोरगं मोठं करता करता पिकले, गजूभाऊ. राहू दे जसेचे तसे.

भावनाप्रधान लोकांशी धंदा करणं कठीण.

२ एप्रिल
हेमराज पत्रिका देऊन गेला. म्हणाला, काका, कॅमेरा नका आणू, नुसते जेवाले या. कलावंताला विश्रांती लागते हे पोराला बरोबर कळलं.

आजवर हा मला दादा म्हणायचा.

१८ एप्रिल
लग्न लागलं. मांडवात फोटो होता तसाच, काळ्या केसांचे जवान तानबाजी, आणि शेजारी स्वतः पांढऱ्या केसांच्या शकुबाई बसलेल्या. मी लोकांच्या हसण्याची वाट पाहत होतो, पण कुणीच हसलं नाही. नवरानवरीने फोटोला नमस्कार केला तेव्हा शकुबाई त्या फोटोकडे अशा बघत होत्या, की मीच दुसरीकडे पाहिलं.

फोटो काढायला वर्ध्याची रुचिका. तिने ओरडून सांगितलं, आता सगळ्या आजोबांनी पुढे यावं. मी जागचा हललो नाही. हेमराजने येऊन माझा हात धरला आणि पहिल्या खुर्चीत नेऊन बसवलं.

फोटो झाल्यावर रुचिका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, आजोबा, तुमचे केस काळे करून देऊ का? कंप्युटरवर होतात, आजकाल सगळेच करून घेतात.

आजूबाजूला पाहिलं. कोकिळा जेवणाच्या पंगतीत होती. म्हटलं, कर. पण कानाजवळ जपून कर बाई, तिथे कड दिसते.