इंडिया मॉडेल

३ जून, मंगळवार

फोडला! सिद्धीचा लॅपटॉप नातजावयाने भिंतीवर फोडला. वर मलाच सांगतो, "आजी, हातातून पडला." हातातून पडलेली वस्तू जमिनीवर जाते, मल्हारराव, भिंतीवर जात नाही. शाळेत गेले नाही मी, पण एवढं कळतं.

मला लिहिता येत नाही म्हणून हे फोनला सांगतेय. माईकच्या चित्रावर बोट ठेवायचं आणि बोलायचं, सिद्धीने शिकवलंय. उमटतं म्हणे. खरंखोटं त्यालाच ठाऊक.

माझी नात लॅपटॉपवर चित्रं काढते, लहान मुलांच्या सिनेमाची. एका कंपनीचं काम हातात आहे. तेरा तारखेला पोचलं तर पक्की नोकरी— हैदराबादला! आम्ही दोघीच जाणार. काल हे मल्हाररावांच्या कानावर गेलं. आज लॅपटॉप 'पडला'.

४ जून

इथे बंगळुरातच, येलहंक्याच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. हयवदन म्हणून मालक आहे. लॅपटॉप उलटा केला, खालचं लेबल वाचलं, चुकचुकला. "हा अमेरिकेचा पीस आहे, अज्जी."

लग्नात मल्हाररावांच्या भावाने तिकडून आणलेला. नाव इथल्यासारखंच, आत सगळं वेगळं. असा पडदा इथे येतच नाही. तिकडून मागवायचा, महिना लागेल. वॉरंटीही तिकडेच राहिली. "स्वल्प वेट माडी, अक्का," सिद्धीला म्हणाला. थांब म्हणे जरा! तेरा तारीख थांबते का?

बाहेर नाव एक, आत भलतंच. आमच्या मल्हाररावांचंही तेच. लग्नात दाखवला तो निराळा, घरी आणला तो निराळा. परत घेण्याची सोय दोन्हीकडे नाही.

६ जून

नवा आणला. पहिल्यासारखाच हवा होता. दुकानदार म्हणतो, "मॅडम, ते मॉडेल इंडियात देतच नाहीत." का रे बाबा? आमचे डोळे हलके आहेत?

इथल्याला रंग फिके. मेमरी निम्मी, आणि वाढवावी म्हटलं तर आत झाळून टाकलेली. वजनात मात्र हात आखडला नाही. नुसतं धूड! आणि चार्जर— अगं बाई! वायरीला बांधलेली वीटच. अमेरिकेचा साबणाच्या वडीएवढा होता.

कुणाला काय द्यायचं हे ठरवणारा माणूस मला एकदा सापडू दे. उखळीत घालून कांडीन. तीस वर्षं पीण्याच्या बाजारात मिरच्या कांडून विकल्यात, त्याची हाडं काय मोठी!

९ जून

सिद्धीच्या गळ्यावर वळ. म्हणते, "घामोळं आलंय, आजी." बरं. घामोळ्याला अंगठा असतो हे आजच कळलं.

११ जून

लॅपटॉप अडकतोय. एक चित्र उघडलं की गरम होऊन घोंघावतो, मग झोपतो. सिद्धी पुन्हा चालू करते, पुन्हा तेच. रंग दिसत नाहीत म्हणून बिचारी फोनवर ताडून बघते. कंपनीवाल्यांना शिव्या घालते, तेवढीच काय ती मोकळी होते.

मल्हारराव सोफ्यावर बसून हसतात. "तुझी लायकी इंडिया मॉडेलचीच." मग सिद्धीचे केस धरून तिचं तोंड पडद्याला टेकवलं. "बघ, नीट बघ. रंग दिसतात का?"

मी म्हटलं, "सोडा तिला."

"आजी, तुम्ही आत जा. नाहीतर शुक्रवारी हाही हातातून पडेल."

सिद्धी ओठातलं रक्त पुसत मला म्हणाली, "फक्त शुक्रवारपर्यंत, आजी. मग आपण इथे नाही." सरी, बरं. शुक्रवारपर्यंत.

१३ जून, शुक्रवार

काम झालं! दुपारी पाठवायला लावलं. इतकं मोठं, की जाताजाता तासभर लागणार. पडद्यावर निळी रेघ हळूहळू सरकत होती. वाचता येत नाही, पण रेघ मला कळते.

थोडीच उरली होती, तेवढ्यात मल्हारराव आले. आधी लॅपटॉपवर झडप घातली. सिद्धी त्यावर आडवी पडली. मग तिचा गळा धरला. दोन्ही हातांनी. तिचे पाय फरशीवर आपटायला लागले. आवाज बंद झाला.

मी भिंतीतून चार्जर उपटला. वायर मुठीत धरली आणि फिरवला. एकदा. ते वळून माझ्याकडे बघायला लागले म्हणून पुन्हा. कानाच्या वर लागला. मिरची फुटते तसा आवाज आला. सोफ्याच्या कडेला पडले. रक्त, सगळीकडे रक्त.

सिद्धी खोकत होती. खोकणारी जिवंत असते.

रेघ पूर्ण झाली होती. बॅटरी पुरली. तेवढं बरं केलं मेल्यांनी.

अँब्युलन्स मीच बोलवायला लावली.

१४ जून

मल्हारराव पहाटे गेले. बाहेर हॉलमध्ये पोलीस आहेत. सिद्धी त्यांना सांगतेय, "मी मारलं, आजी झोपली होती." खोटारडी! चार्जर कुठाय विचारलं तर म्हणते, "आठवत नाही." कशी सांगेल? माझ्या उशीखाली आहे.

घेऊन जाते बाहेर. अमेरिकेचा असता तर टेंगळावर भागलं असतं.